अरण्य आणि क्रीडागृह

दिवस मावळतीला आला की अरण्यातील पाणवठ्यावर चितळांचा कळप उतरतो. सर्वांत पुढची मादी मान उंचावून वारा हुंगते, एक पाय उचलते, पुन्हा खाली ठेवते. झाडांच्या सावल्या आता एकमेकींत मिसळू लागलेल्या असतात. त्याच वेळी दूरच्या शहरात एखाद्या क्रीडागृहात दिवे लागतात आणि जाळ्याच्या दोन्ही अंगांस उभे राहिलेले दोन खेळाडू पिसांचे एक पांढरे फूल परस्परांकडे टोलवू लागतात. ह्या दोन दृश्यांचा एकमेकांशी संबंध काय, असे कोणीही विचारील. परंतु ज्याला छायाचित्रे काढण्याचा छंद आहे, त्याला ही दोन्ही स्थळे सख्ख्या भावांसारखी वाटतात. दोन्हीकडे उजेड अपुरा असतो व हालचाल चपळ असते. शिवाय दोन्हीकडे छायाचित्रकाराला मध्ये बोलण्याचा अधिकार नसतो. ‘जरा थांबा, इकडे पाहा, हसा’ असे चितळाला सांगून उपयोग नाही, आणि खेळात रंगलेल्या खेळाडूला सांगणे शोभत नाही.

छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात तर अशी चित्रे काढण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नसता. फ्रान्समधील दागेर ह्याने आपली छायाचित्रणाची पद्धती १८३९ साली जगापुढे मांडली. त्याच्या आदल्या वर्षी त्याने आपल्या खिडकीतून पॅरिसमधील एका हमरस्त्याचे चित्र घेतले होते. रस्ता भर वर्दळीचा. गाड्या, घोडे, माणसे ह्यांची सारखी ये-जा. पण चित्रात रस्ता ओस पडलेला दिसतो! चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर प्रकाशाचा ठसा उमटण्यास त्या काळी कित्येक मिनिटे लागत. तेवढ्या अवधीत जे जे चालत होते ते ते पुसले गेले. फक्त एक मनुष्य त्या चित्रात सापडला आहे. तो रस्त्याच्या कडेला पाय पुढे करून बुटांना पॉलिश करून घेत स्थिर उभा होता. जो थांबला तेवढाच दिसला.

पुढे चाळीस वर्षांत रासायनिक पदार्थ सुधारले. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज ह्याने धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीने मांडले आणि घोडा दौडत जाताना ते एकापाठोपाठ एक उघडतील अशी योजना केली. दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात, हे त्या चित्रांत स्पष्ट दिसले. चित्रकारांनी तोवर असे घोडे पुढचे पाय पुढे व मागचे पाय मागे ताणलेले रंगविले होते. प्रत्यक्षात चारही पाय सुटतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. माणसाच्या डोळ्याला जे दिसत नाही ते कॅमेऱ्याला दिसू शकते, ही गोष्ट अशा रीतीने सिद्ध झाली. परंतु तो घोडा पाळीव होता आणि कॅलिफोर्नियाचे ऊन लख्ख होते. रानातल्या पाखराला धावपट्टीवर कोण आणणार?

ते काम दोन हौशी भावांनी हाती घेतले. रिचर्ड व चेरी कीर्टन हे इंग्लंडातील यॉर्कशायरमधील एका लहान खेड्यातले. रिचर्ड लहानपणी पक्ष्यांची घरटी शोधताना पडला आणि त्या अपघाताने जन्माचा लंगडा झाला; तथापि घरटी शोधण्याची त्याची हौस काही कमी झाली नाही. पुढे दोघे भाऊ लंडनमध्ये एका प्रकाशनसंस्थेत नोकरी करीत, आणि सुट्टी मिळाली की रानात जात. १८९२ साली चेरीने अंड्यांसह एका घरट्याचे छायाचित्र घेतले. ते पाहून रिचर्डच्या मनात आले, की हाताने काढलेल्या चित्रांऐवजी प्रत्यक्ष घरट्यांची छायाचित्रे घालून पुस्तक का लिहू नये? १८९५ साली असे पुस्तक निघाले. इंग्लंडातील पक्ष्यांची घरटी हा त्याचा विषय होता, आणि मजकूर रिचर्डचा व छायाचित्रे चेरीची अशी कामाची वाटणी होती.

घरटे काही उडून जात नाही. पक्षी मात्र माणूस दिसताच उडतो. ह्या अडचणीवर ह्या भावांनी काढलेल्या युक्त्या पाहिल्या म्हणजे हसूही येते आणि कौतुकही वाटते. त्यांनी कधी गवताच्या गंजीचे सोंग आणले, कधी झाडाच्या बुंध्याचे. १९०० साली तर त्यांनी पेंढा भरून जनावरे बनविणाऱ्या एका कारागिराकडून बैलाच्या कातड्याचा एक पोकळ बैल तयार करून घेतला. छायाचित्रकाराने पोटाखालून आत शिरायचे, वाकून उभे राहायचे आणि बैलाच्या अंगातील एका भोकातून भिंग बाहेर काढून पक्ष्याची वाट पाहायची! कुरणात चरणाऱ्या बैलाला पाखरे भीत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. आत तास न् तास ताटकळणाऱ्या माणसाचे काय होत असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी. एकदा आतल्या आत भोवळ येऊन रिचर्ड बैलासकट उलथला, अशी हकिकत सांगतात. आजचा छायाचित्रकार बैलाचे सोंग आणीत नाही; तो खाकी किंवा हिरव्या कापडाची लहानशी राहुटी उभारतो. तिला लपण म्हणतात. पण तत्त्व तेच आहे. पक्ष्याच्या रोजच्या जगात जे बसून जाईल त्याच्या आड बसावयाचे.

अमेरिकेत त्याच सुमारास जॉर्ज शायरस नावाचा एक वकील रात्री तळ्यात नाव घालीत असे. तो मूळचा शिकारी. नावेच्या टोकाशी दिवा लावून अंधारातून हळूहळू पुढे जायचे, काठावरचे हरीण दिव्याकडे टक लावून पाहू लागले की त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात, त्या दोन ठिणग्यांच्या रोखाने गोळी झाडायची, अशी तिकडे शिकारीची एक रीत होती. हरणाच्या डोळ्यातील पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. त्यामुळे डोळ्यांत शिरलेला प्रकाश परत फिरतो व ते चमकतात. शायरसने ही सारी रीत तशीच ठेविली, मात्र बंदुकीच्या जागी कॅमेरा घेतला. ठिणग्या दिसल्या की मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवायचा आणि त्या लखलखाटात चित्र घ्यायचे. १९०६ सालच्या जुलै महिन्यात ‘नॅशनल जिऑग्राफिक’ ह्या मासिकाने त्याची चौऱ्याहत्तर छायाचित्रे छापली. रात्रीचे अरण्य लोकांनी असे पूर्वी कधी पाहिले नव्हते.

भारतात वाघाच्या बाबतीत हेच काम एफ. डब्ल्यू. चॅम्पियन ह्या वनाधिकाऱ्यांनी केले. हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलांत त्यांची नेमणूक होती. त्या काळी साहेब लोकांच्या दिवाणखान्यात वाघाचे कातडे असणे ही मोठी प्रतिष्ठेची गोष्ट मानीत. चॅम्पियन ह्यांना मात्र जिवंत वाघ हवा होता, आणि तो कॅमेऱ्यात हवा होता. वाघ रात्री कोणत्या वाटेने जातो हे ते पावलांच्या ठशांवरून ओळखीत. मग त्या वाटेवर एक बारीक तार आडवी ताणून ती कॅमेऱ्याला व भुकटीच्या दिव्याला जोडीत. वाघाचा पाय तारेला लागला की दिवा भडके, कॅमेऱ्याची झडप उघडे आणि वाघ स्वतःचे चित्र स्वतःच काढून पुढे निघून जाई. एका रात्रीत एकच चित्र! पुष्कळदा वाघाऐवजी भलतेच जनावर तारेत अडके, नाही तर दवाने भुकटी सादळे. कित्येक रात्री अशा फुकट गेल्यावर एखादे चित्र साधे. १९२७ साली त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. ती छायाचित्रे पाहून प्रख्यात शिकारी जिम कॉर्बेट ह्यांनाही कॅमेऱ्याची ओढ लागली.

चॅम्पियन ह्यांच्या चित्रांतून एक महत्त्वाची गोष्ट उघडकीस आली. एका वाघाच्या अंगावरील पट्टे दुसऱ्या वाघाच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत. माणसाच्या बोटांचे ठसे जसे प्रत्येकाचे निराळे, तसेच हे. त्यामुळे छायाचित्रावरून एकेका वाघाची ओळख पटविता येते. १९९० नंतर शास्त्रज्ञ उल्हास कारंत ह्यांनी कर्नाटकातील नागरहोळेच्या जंगलात ह्याच तत्त्वावर वाघांची मोजणी केली. आता वाटेवर तार नसते. जनावराच्या अंगाच्या उष्णतेने जागा होणारा कॅमेरा झाडाच्या खोडाला बांधलेला असतो. २०१८ सालच्या देशव्यापी गणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लावले होते. त्यांनी जवळजवळ साडेतीन कोटी छायाचित्रे घेतली, आणि त्यांपैकी वाघांची किती निघाली? अवघी ७६,६५१! बाकीच्या चित्रांत गवत, रानडुकरे, सांबरे, गुरे आणि गुराखी.

आता अरण्य सोडून क्रीडागृहात शिरावे. येथे पाऊस नाही, जळवा नाहीत, बसायला बाक आहे. तरीही येथील पहिलीवहिली चित्रे बहुधा धुरकट येतात. छायाचित्र काढणाऱ्याने खेळाडूच टिपलेला असतो, पण चित्रात त्याच्या जागी एक लांबट डाग दिसतो. असे का व्हावे?

डोळ्याला क्रीडागृह चांगले उजळलेले वाटते, पण डोळा मोठा लबाड आहे. उजेड कमी झाला की तो आपली बाहुली गुपचूप मोठी करून घेतो आणि कमीपणा जाणवू देत नाही. वास्तविक भर दुपारच्या उन्हाच्या मानाने दिव्यांनी उजळलेल्या सभागृहातील प्रकाश शंभरपटींहूनही कमी असतो. उन्हात जे चित्र सेकंदाच्या पाचशेव्या भागात निघते, त्याच बेताने सभागृहात काढायचे म्हटल्यास सेकंदाचा चौथा-पाचवा भाग लागेल. तेवढ्या वेळात खेळाडू चांगलाच पुढे सरकलेला असतो.

ह्या अडचणीतून सुटण्याचे तीन मार्ग आहेत. कॅमेरा ही एक काळोखी खोली असून तिला भिंगाचे दार आहे, असे समजावे. ते दार अधिक रुंद उघडले तर अधिक प्रकाश आत येईल. भिंगाच्या छिद्राचा व्यास दुप्पट केला की प्रकाश चौपट होतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गणिताच्या तासाला हे सूत्र कंटाळवाणे वाटले असेल, येथे ते उपयोगी पडते. दुसरा मार्ग म्हणजे दार अधिक वेळ उघडे ठेवणे. पण हलणाऱ्या वस्तूच्या बाबतीत तो बंदच आहे. तिसरा मार्ग, आतील फिल्म अधिक संवेदनशील घेणे. आज बहुतेक कॅमेऱ्यांत फिल्मऐवजी प्रकाश टिपणारी विजेची पट्टिका असते व तिची संवेदनशीलता एक चाक फिरवून वाढविता येते. मात्र ह्या जगात फुकट काही मिळत नाही. दार रुंद उघडले की जवळचे वा दूरचे अंधुक होते आणि चित्राचा अगदी पातळ थर तेवढा रेखीव उमटतो. संवेदनशीलता वाढविली की चित्रावर रवा दिसू लागतो, जणू कोणी बारीक रेती पसरली आहे. ह्यांपैकी काय किती सोसायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. रवाळ पण रेखीव चित्र हे गुळगुळीत पण धुरकट चित्रापेक्षा केव्हाही चांगले, असे जाणकार मानतात आणि ते बरोबर आहे. चितळाचे चित्र असो की खेळाडूचे, पातळ थरात डोळा सापडला पाहिजे. शेपूट किंवा कोपर अंधुक झाले तर कोणाचे त्याकडे लक्षही जात नाही.

आता थोडा हिशेब. सभागृहात बाजूने धावणारा खेळाडू एका सेकंदात सहा मीटर जातो असे धरू. कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या साठाव्या भागाइतका वेळ उघडली, तर तेवढ्यात तो दहा सेंटीमीटर सरकेल आणि चित्र पुसट येईल. पाचशेव्या भागाइतकी उघडली, तर तो सव्वा सेंटीमीटरच सरकेल. मग त्याचा चेहरा ओळखू येईल. पण फुलाचे काय? बॅडमिंटनचे फूल सोळा पिसांचे असते आणि त्याचे वजन साडेपाच ग्रॅमपेक्षा अधिक नसते. २०२३ साली सात्विकसाईराज रंकीरेड्डी ह्या भारतीय खेळाडूने एका चाचणीत मारलेल्या फटक्याने ते फूल रॅकेटवरून सुटताना ताशी ५६५ किलोमीटर वेगाने गेले. म्हणजे एका सेकंदात १५७ मीटर. सेकंदाच्या हजाराव्या भागातही ते सुमारे सोळा सेंटीमीटर जाईल! पिसांना हवा अडविते, म्हणून पुढे त्याचा वेग झपाट्याने उतरतो. एरवी प्रतिस्पर्ध्याला ते परतविताच आले नसते.

मग शायरससारखा लखलखाट का करू नये? तेथे दुसरीच अडचण उभी राहते. डोळ्यांसमोर एकाएकी प्रकाश चमकला तर पुढचे काही क्षण काहीच दिसत नाही. बॅडमिंटन व टेबल टेनिस ह्यांच्या स्पर्धांत म्हणूनच झगझगाटी दिव्याला, ज्याला फ्लॅश म्हणतात त्याला, मनाई असते. वर्षभर घाम गाळून अंतिम सामन्यापर्यंत आलेल्या खेळाडूचा एक गुण कोणाच्या हौसेपायी का जावा? आणखी एक गंमत अशी, की जुन्या धर्तीच्या नळीच्या दिव्यांचा प्रकाश अखंड वाटला तरी तो सेकंदाला शंभर वेळा कमी-अधिक होत असतो. झडप फार जलद चालविली म्हणजे एक चित्र उजळ येते, त्याच्या पुढचे काळपट येते, आणि नवखा छायाचित्रकार कॅमेरा बिघडला म्हणून दुकानदाराकडे धावतो.

यंत्रापेक्षा डोके अधिक कामास येते ते ह्याच ठिकाणी. प्रत्येक चपळ हालचालीत एक क्षण असा येतो, की ती थबकते. टेबल टेनिसमध्ये खेळ सुरू करताना चेंडू तळहातावरून निदान सोळा सेंटीमीटर वर उडवावा लागतो. वर जाणारा चेंडू आणि खाली येणारा चेंडू ह्यांच्या मधल्या क्षणी तो हवेत जवळजवळ स्थिर असतो, आणि त्या क्षणी खेळाडूचे डोळे त्याच्यावर खिळलेले असतात. उंच उडी मारलेला बॅडमिंटनपटू शिखरावर पोहोचला, की पडण्यापूर्वी असाच निमिषभर तरंगतो. कबड्डीत चढाई करणारा गडी दम धरून पाय लांबविण्यापूर्वी क्षणभर अंग चोरतो. हे क्षण ज्याला आधी ओळखता आले, त्याचे अर्धे काम झाले. चितळ पाण्याला तोंड लावण्यापूर्वी मान वर करून चहूकडे पाहते. खंड्या पाण्यात सूर मारण्यापूर्वी मान वरखाली हलवितो. खेळाचे नियम असोत की पाखरांच्या सवयी असोत, ज्याला त्या ठाऊक आहेत त्याचे बोट वेळेवर हलते. चित्र दिसल्यावर कळ दाबणारा नेहमी उशिरा पोहोचतो.

ह्याहून निराळी एक युक्ती हौशी लोक करतात. झडप मुद्दाम सावकाश ठेवायची आणि धावणाऱ्या हरणाच्या किंवा गड्याच्या गतीने कॅमेराही फिरवीत न्यायचा. साधले तर धावणाऱ्याचा चेहरा रेखीव येतो व मागची झाडे किंवा प्रेक्षक ह्यांच्या लांबच लांब रेघा होतात. चित्रात वेग दिसू लागतो. शंभरात चार साधली तरी ती चार पाहण्यासारखी असतात.

झगझगाटी दिव्याची गोष्ट मात्र येथेच संपत नाही. अमेरिकेतील हॅरल्ड एजर्टन हे विद्युत अभियंते १९३१ साली एका यंत्राच्या खटपटीत होते. वायूने भरलेल्या नळीतून विजेचा झटका सोडून त्यांनी असा लखलखाट निर्माण केला, की तो सेकंदाचा अगदी सूक्ष्म भाग टिके आणि लगेच विझे. झडप कितीही सावकाश असली तरी चालते. अंधारात जेवढा वेळ उजेड पडला तेवढ्याच वेळाचे चित्र उमटते. ह्या दिव्याने त्यांनी चेंडू मारणारे खेळाडू टिपले आणि सेकंदात पन्नासहून अधिक वेळा पंख हलविणारे गुंजन पक्षीही टिपले. अरण्य आणि क्रीडागृह अशी एकाच दिव्याखाली आली. एका मोठ्या रासायनिक कारखान्याचे अध्यक्ष क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट ह्यांना ह्या गुंजन पक्ष्यांनी असे वेड लाविले, की कामातून सवड काढून ते त्यांच्या चित्रांसाठी दूरदूरच्या देशांत हिंडले व १९६० साली त्यांनी त्या पक्ष्यांवर एक देखणे पुस्तक प्रसिद्ध केले.

हौस म्हटली की ती कोठे थांबवायची हा प्रश्न येतोच. एरिक हॉस्किंग हे इंग्लंडातील नामवंत पक्षिछायाचित्रकार. १९३७ साली वेल्समध्ये रात्री ते एका घुबडाच्या घरट्याजवळ बांधलेल्या लपणाकडे चढत होते. घुबडाच्या पंखांच्या कडा मऊ असतात, त्यामुळे त्याच्या उडण्याचा आवाज होत नाही. काळोखातून ती पिलांची आई अचानक आली आणि तिच्या नखीने हॉस्किंग ह्यांचा डावा डोळा गेला. ते पुढेही अर्धशतक पक्ष्यांची चित्रे काढीत राहिले. घुबडाला दोष देण्यासारखे ह्यात काही नाही. त्याच्या घरापाशी माणूस आला होता.

घुबडाजवळ नखे आहेत, बुलबुलाजवळ काय आहे? घरट्याचे चित्र नीट यावे म्हणून काही उतावळे लोक भोवतालची पाने व डहाळ्या मोडतात. चित्र खरोखरच नीट येते. पण ती पाने तेथे उगाच नव्हती. ती गेल्यावर उघड्या अंगाची पिले उन्हात पडतात, आणि जे घरटे छायाचित्रकाराच्या भिंगाला दिसू लागले ते कावळ्यालाही दिसू लागते. भिगवणजवळ उजनी धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. ते उडाले की पंखांखालचा लाल रंग उघडा पडतो व चित्र मोठे देखणे दिसते. म्हणून त्यांच्या थव्यावर होडी घालण्याचा मोह होतो. प्रत्येक वेळी उडताना त्या पक्ष्यांची चरण्याची वेळ जाते आणि अंगातील शक्ती खर्च होते, हे चित्रात कोठेच दिसत नाही. घरट्यांची व अंड्यांची मोडतोड करणे हा भारतात १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरविला आहे. परंतु रानात प्रत्येक झुडपामागे शिपाई उभा नसतो. तेथे छायाचित्रकार आणि पाखरू दोघेच असतात, आणि निर्णय छायाचित्रकाराने एकट्याने घ्यावयाचा असतो. थोडे मागे सरून लहान चित्रावर समाधान मानणारे पुष्कळ आहेत. त्यांची चित्रे प्रदर्शनांत क्वचित झळकतात.

ह्या छंदाने एका माणसाला आधार कसा दिला, त्याची हकिकत मुंबईशी जोडलेली आहे. लोक वान थो हे मलायात जन्मलेले एक धनिक चिनी गृहस्थ. चित्रपटगृहे चालविणे हा त्यांचा व्यवसाय. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली जपानी सैन्य सिंगापूरवर चालून आले, तेव्हा ते जहाजाने निघाले. वाटेत जहाजावर बाँब पडले. ते अतिशय भाजले आणि काही काळ त्यांची दृष्टीही गेली. दृष्टी परत आली, आणि पुढे भारतात आश्रय घेतला असता मुंबईत त्यांची डॉ. सलीम अली ह्यांच्याशी गाठ पडली. पाखरांची आवड त्यांना होतीच. घर, व्यवसाय, आप्त सारे शत्रूच्या ताब्यात गेलेले; हातात काम नाही. अशा दिवसांत ते सलीम अलींबरोबर रानोमाळ हिंडू लागले आणि लपणात बसून घरट्यांवर येणाऱ्या पक्ष्यांची चित्रे घेऊ लागले. युद्ध संपल्यावर त्यांचा व्यवसाय पूर्वीपेक्षाही वाढला, तरी हा छंद सुटला नाही. १९५७ साली त्यांच्या पक्षिचित्रांचे पुस्तक निघाले, आणि सलीम अलींच्या कित्येक संशोधनसहलींना त्यांनी पैशाचे साहाय्य केले. १९६४ साली तैवानमध्ये विमान कोसळून त्यांचा अंत झाला. सलीम अलींनी आपल्या आत्मचरित्रात ह्या मित्राविषयी एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे.

धनिकाचा छंद तो, सामान्याला कसा परवडेल, अशी शंका येणे साहजिक आहे. लांब भिंगे महाग असतात हे खरे. पण आरंभ करायला वाघ लागत नाही, की अंतिम सामनाही लागत नाही. गावातील व्यायामशाळेत संध्याकाळी मल्लखांब चालतो. एरंडेल चोपडलेल्या त्या लाकडी खांबावर मुलगा पताका करून आडवा ताठ राहतो, तेव्हा तो दोन-तीन श्वास तरी हालत नाही. सेकंदाच्या साठाव्या भागातही चित्र रेखीव येते. जुन्या व्यायामशाळेला बहुधा एकच खिडकी असते. तिच्याकडे पाठ करून बसावे, म्हणजे खांबावरच्या मुलाच्या तोंडावर उजेड पडतो. खिडकीकडे तोंड करून बसल्यास मुलाची काळी आकृती तेवढी दिसते. तीही कधी कधी सुंदर असते. हीच गोष्ट अंगणात. सकाळच्या तिरप्या उन्हात जास्वंदीवर येणारा शिंजीर एकाच डहाळीवर पुन्हा पुन्हा बसतो. ती डहाळी हेरावी, कॅमेरा तिच्यावर रोखावा आणि पाखराची वाट पाहावी. चित्र उभ्याने काढू नये. मांडी घालून किंवा पालथे पडून डोळा पाखराच्या डोळ्याच्या पातळीत आणावा. कबड्डीच्या चटईशेजारीही हेच करावे. उंचावरून घेतलेल्या चित्रात पाखरू खेळण्यासारखे आणि गडी ठेंगू दिसतो.

पूर्वी फिल्मच्या एका गुंडाळीवर छत्तीस चित्रे निघत आणि प्रत्येकाला पैसे पडत. त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी माणूस विचार करी. आजचा कॅमेरा एका सेकंदात दहा-वीस चित्रे सहज घेतो. मग घरी येऊन हजार चित्रांतून एक निवडणे हेच काम होऊन बसते. निवडलेल्या चित्राबरोबर एक वही ठेवावी. तारीख, वेळ, जागा, हवा कशी होती, झडप किती जलद होती, पक्षी काय करीत होता किंवा सामन्यात गुण किती झाले होते, एवढे तिच्यात त्याच दिवशी टिपावे. दुसऱ्या दिवशी अर्धे विसरते. सलग दोन-तीन वर्षे अशी वही भरली, म्हणजे अंगणातील शिंजिराने घरटे कोणत्या महिन्यात बांधले आणि मल्लखांबावरचा तोच मुलगा पताकेवर किती श्वास टिकू लागला, हे चित्र आणि वही शेजारी ठेवून पाहता येते.